अणुविरोधी मासिकं कशानं मेली: शांततेनं की टपालानं?

तापीकाठ, अमळनेर
जळगाव-धुळ्यात मराठी अण्वस्त्रविरोधी द्वैमासिक काढायचं घाटतंय. माझा विरोध विषयाला नाही, त्या 'द्वै'ला आहे. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार वृत्तपत्राचा पुढचा अंक ३१ दिवसांच्या आत निघायला हवा होता, आणि खऱ्या वर्गणीदारांची यादी हवी होती. त्यात बसलात तर ५० ग्रॅमपर्यंतचा अंक २५ पैशांत घरपोच जायचा. दोन महिन्यांनी निघणारं त्यात बसतच नव्हतं. २०२३ चा नवा कायदा आला खरा, पण आपण ज्यांचा हिशेब करतोय ती मासिकं जुन्याखालीच जगली आणि मेली. शेजारचंच 'अणुमुक्ती' घ्या. गुजरातेतल्या व्याऱ्याजवळच्या वेडछीहून, चेर्नोबिलनंतर वर्षभरानं, १९८७ ला निघालेलं इंग्रजी द्वैमासिक, संपादक सुरेंद्र गाडेकर. माझ्या मते टपालाचं हे ओझं त्याच्या मानेवर पहिल्या अंकापासून होतं.

भुसावळ जंक्शन
दादा, टपालावर फार भार टाकताय. ब्रिटनच्या अण्वस्त्रविरोधी संघटनेचं 'सॅनिटी' बघा. १९६१ ला सुरू, १९९१ ला बंद. ऐंशीच्या दशकात तिकडं क्रूझ क्षेपणास्त्रं येऊन बसली, संघटनेचे सभासद लाखाच्या घरात गेले. डिसेंबर १९८७ मध्ये रेगन-गोर्बाचेव्ह करार झाला, तीच क्षेपणास्त्रं मोडीत निघाली, सभासद पांगले. जग अणुविनाशाच्या किती जवळ आहे ते दाखवणाऱ्या प्रतीकात्मक प्रलयघड्याळाचा काटा १९९१ लाच बारापासून १७ मिनिटं मागे सरकवला, आजवरचा सगळ्यात मागे. भीती गेली, मासिक गेलं. यात तिकिटाचा काय संबंध?

तापीकाठ, अमळनेर
ज्यांनी ते घड्याळ लावलं, त्या अणुशास्त्रज्ञांचं 'बुलेटिन' १९४५ पासून चालूच आहे ना! १७ मिनिटांनी ते मेलं नाही. २००८ अखेर त्यांनी छापणं थांबवलं, संपादन थांबवलं नाही. भीतीवरच सगळं चालत असतं तर १९९१ ला तेही गुंडाळलं असतं.

नवापूर नाका
दोघंही वर्गणीचा हिशेब विसरताय. आगाऊ वर्गणी ही कमाई नसते, ती उधारी असते. ५०० जणांकडून सहा अंकांचे पैसे घेतले म्हणजे ३,००० अंकांचं देणं डोक्यावर बसलं. ते पैसे पहिल्या दोन अंकांच्या छपाईत गेले की पाचवा अंक नव्या वर्गणीदाराच्या पैशावर निघतो. मग जोडअंक येतो. जोडअंक आला की नूतनीकरणाची कार्डं परत यायची थांबतात.

दुसरं म्हणजे माणूसबळ. गाडेकर दांपत्यानं १९९१ ला राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राजवळची पाच गावं आणि ५० किलोमीटरपलीकडची चार गावं घरोघर फिरून तपासली, जन्मजात व्यंगांची तुलना केली. त्याचा अहवाल 'अणुमुक्ती'त १९९३ ला आला. अशा कामात वयोगटाचे तक्ते लागतात, लांबची गावं राहणीमानानं सारखी निवडावी लागतात, नाहीतर पहिलाच टीकाकार तिथंच पकडतो. तपासणारा आणि मुद्रितं वाचणारा एकच असेल तर एक काम मागे पडणारच. मला विचाराल तर अंक मागे पडलेला बरा, तक्ता चुकलेला नको.

छापखाना गल्ली, धुळे
ग्रॅमचं नीट बघा भाऊ. ए-फोर आकाराची २४ पानं म्हणजे १२ पाठपोट कागद. ६० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमचा, एक कागद पावणेचार ग्रॅमचा, अंक झाला ४५ ग्रॅम. पिना आणि पत्त्याची चिठ्ठी धरून ५० च्या आत. कुणीतरी म्हणतं, "फोटो पलीकडे दिसतात, ७० चा कागद घ्या." अंक ५२ ग्रॅमवर, पुढच्या टप्प्यात. मजकूर तोच, जुन्या दरानं टपालखर्च दुप्पट! म्हणून ऑर्डर देण्याआधी कोऱ्या कागदाची डमी बांधून काट्यावर ठेवा. आणि पानं चारच्या पटीतच, बावीस पानांचा अंक पिनेत बसत नाही.

भुसावळ जंक्शन
तुमनं खरं शे, पन वाचनार कोन? साने गुरुजींनी १९३८ ला अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं, १५ ऑगस्ट १९४८ ला मुंबईत 'साधना' काढलं. 'साधना' अजून निघतंय, कारण त्यात शेती आहे, शिक्षण आहे, निवडणूक आहे. एकाच शस्त्रावरचं मासिक शस्त्राच्या बातमीवर जगतं. मे १९९८ च्या पोखरणसारखी अणुचाचणी झाली की वर्षभर मागणी राहील, मग? नंदुरबारच्या वाचकाला उकाई धरणाच्या पाण्यावरच्या काकरापार अणुकेंद्राबद्दल सांगा, तो थांबून वाचेल. नुसता बॉम्ब त्याला लांबचा वाटतो.

तापीकाठ, अमळनेर
'साधना' साप्ताहिक आहे, म्हणजे जुन्या ३१ दिवसांच्या अटीत आरामात बसायचं, हे तुम्हीच माझ्या बाजूनं सांगितलंत! काकरापार घ्या, हरकत नाही. पण मासिकच करा, १६ पानांचं, ३० ग्रॅमचं. नवीन नियमात सवलत कशी आहे ते आधी मुख्य टपाल कार्यालयात विचारा. आणि पावतीवर 'वार्षिक वर्गणी' लिहू नका, 'बारा अंकांची' लिहा.

नवापूर नाका
बारा अंक लिहा, पण तीन अंकांचा मजकूर कपाटात तयार असल्याशिवाय पहिली पावती फाडू नका.