टक्सचा जुना बूट-लोगो (संगणक सुरू होताना दिसणारं चित्र) चित्र म्हणून कसा काढायचा? मदत हवी आहे

लिनक्सच्या टक्स पेंग्विनची १९९६ पासूनची रूपं एका पोस्टरवर मांडतोय. लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) २.६.२९ आवृत्तीमधला टझ (टास्मानियन डेव्हिल, चोच लावलेला!) सहज मिळाला, ती पीपीएम (साध्या चित्र-स्वरूपाची) फाइल होती. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) कर्नलचा इतिहास मात्र २००५ पासूनच, म्हणून जुन्या २.४ आवृत्तीचा टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) उघडला. तिथे लोगो हेडर फाइलमध्ये (सी भाषेतल्या कोडच्या फाइलमध्ये) आहे: रंगांच्या लाल, हिरवा, निळा अशा तीन ॲरे (याद्या) आणि ८०×८० पिक्सेलचे नुसते हेक्स (सोळा-आधारी) आकडे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या रंगाचा यादीतला क्रमांक. पायथनने जोडून पाहिलं; आकार बरोबर येतो, पण पेंग्विन जांभळट दिसतो. नेटवरचं तयार चित्र नको, मूळ पिक्सेलच हवेत. रंगांचा क्रमांक शून्याऐवजी ३२ पासून मोजायचा असतो का?