मेमधली एका दिवसाची सहल: दुपारपर्यंत न आंबणारा डबा कसा भरावा?

वाढे_फाटा:
मेमधल्या एका रविवारी साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं आहे. लिंबची बारामोटेची विहीर, वाई, मेणवली आणि जमलं तर धोम. माणसं आठ, त्यात दोघं सत्तरीच्या पुढची आणि तीन लहान मुलं. जेवण घरूनच न्यायचं आहे. अडचणी तीन: दहीभात दुपारपर्यंत आंबट ढाण होतो, पन्हं बाटलीत फसफसतं आणि धपाटे डब्यात ओले होऊन एकमेकांना चिकटतात. नेमकं प्रमाण आणि वेळ सांगितलीत तर बरं होईल. जागांचा क्रम कसा लावावा तेही सांगा.

चुलीवरची:
तिन्हींचं मूळ एकच आहे, जास्तीचं पाणी आणि कोंडलेली वाफ.

दहीभात तयार करून नेऊच नका, तो वाटेत लागू द्या. १ वाटी तांदळाला ३ वाट्या पाणी घालून मऊ भात शिजवा आणि गरम असतानाच डावाने घोटा. पूर्ण निवला की त्यात २ वाट्या कोमट दूध आणि फक्त १ चमचा ताजं, गोड दही. भात गरम असताना दही घातलं तर ते फाटतं, आणि विरजण जास्त झालं तर मेच्या उष्म्यात दोन-तीन तासांतच आंबतं. सकाळी सहाला कालवलेला भात साडेअकरा-बारापर्यंत लागतो. तूप, जिरं, हिंग, मिरचीची फोडणी करून छोट्या डबीत वेगळी न्या. मीठ आणि काकडी पानात वाढताना घाला. काकडी आधी घातली की पाणी सुटतं. दोननंतर मात्र तो भात ठेवू नका, उरला तरी.

पन्ह्याचं पाणीही घरी घालायचं नाही. १ किलो कैऱ्या सालासकट, न चिरता, कुकरच्या आतल्या भांड्यात पाण्याशिवाय ठेवून (कुकरच्या तळाशी पाणी नेहमीसारखंच) २-३ शिट्ट्या. पाण्यात बुडवून उकडल्या तर साल फुटून गर पातळ होतो. १ वाटी गराला दीड वाटी किसलेला गूळ घ्या, कैरी फार आंबट असेल तर २. गर आणि गूळ एकत्र मंद आचेवर ५-७ मिनिटं आटवा, मग मीठ आणि वेलची घाला. फसफसायचं कारण बहुतेक वेळा हेच, गूळ कच्चाच राहतो. आटवलेला गर कोरड्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. तिथे पोचल्यावर एका पेल्याला पाव वाटी गर आणि गार पाणी. आठ जणांना दोनदा पुरेल. बिनकल्हईच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, आंबट गराने भांडं कळकतं.

धपाट्यांचं: २ वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, तीळ, हळद, मीठ. कांदा नको. पातळ थापा आणि दोन्ही बाजूंनी तेल सोडून खरपूस भाजा. जाड धपाटा आतून ओला राहतो, तोच दुपारी चिकटतो. तव्यावरून उतरवून थेट डब्यात नाही! चाळणीवर किंवा सुती फडक्यावर एकेक पसरून अर्धा तास निवू द्या, मग रचा.

वडीलधाऱ्यांना धपाटे चावायला जड जात असतील तर ज्वारीची दशमी करा. पीठ पाण्याऐवजी उकळत्या दुधात मळायचं. संध्याकाळपर्यंत मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, ओली नारळाची अजिबात नको.

सांगलीकर_७:
मधल्या भुकेला भडंग न्या. मुलांना तीच लागते. भडंगाचे चुरमुरे पाव किलो घेऊन तासभर उन्हात ठेवा. ५-६ चमचे तेलात शेंगदाणे, मग ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत तळा. इथेच चुकतं: लसणात ओल राहिली की तासाभरात चुरमुरे मऊ पडतात. गॅस बंद करून एक मिनिट थांबा आणि मगच हळद, तिखट, मीठ, थोडी पिठीसाखर घाला. उकळत्या तेलात तिखट जळून काळं पडतं, वासही जळका येतो. कांदा आणि लिंबू अख्खं न्या, तिथेच चिरा. द्राक्षांचा हंगाम तोवर संपलेला असतो, त्याऐवजी मूठभर बेदाणे घ्या.

कृष्णाकाठ:
क्रम तुमचाच ठेवा, पण घर साडेसहाला सोडा. लिंब साताऱ्याहून पुण्याच्या दिशेला १५-१६ किलोमीटरवर आहे. विहीर सकाळीच बघायची, कारण उतरणं सोपं आणि चढणं उन्हात जड. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ मध्ये ती बांधवून घेतली. व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११० फूट. वरच्या काठावर मुलांचा हात सोडू नका. मोटा जिथून चालायच्या त्या जागा नीट बघा, पाणी ओढायची सगळी योजना तिथेच कळते.

वाईत नऊ-साडेनऊला पोचाल. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मधलं. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. बाहेरून वळसा घालून ती जरूर दाखवा, बरेच जण दर्शन घेऊन तसेच निघतात.

अकरानंतर नदीच्या घाटाचा काळा दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणून मेणवलीला साडेदहापर्यंत घाट उतरून घ्या. वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटाही तिथेच बघायला मिळते. मग झाडाच्या सावलीत सतरंजी टाकायची ती थेट चारपर्यंत. पाण्यात मात्र जपून. मेणवली धोम धरणाच्या खालच्या बाजूला आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते, आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून मोठी माणसंसुद्धा घसरतात. धोमचं नृसिंहाचं देऊळ चारनंतर.

कास आणि ठोसेघर या महिन्यात यादीत घेऊ नका. कासची फुलं पावसाळ्याच्या शेवटी आणि ठोसेघरच्या धबधब्याला पाणी पावसात.

वाढे_फाटा:
फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. आमरस नेता येईल का? आणि बर्फ नसताना पाणी गार कसं ठेवायचं?

चुलीवरची:
आमरस नको, काळा पडतो आणि लवकर आंबतो. पायरी किंवा रायवळ आंबे अख्खे न्या. निघण्याआधी देठाकडचा चीक पुसून तासभर पाण्यात बुडवून ठेवा. चीक तसाच राहिला तर मुलांचे ओठ पोळतात. तिथे आंबा हाताने दाबून मऊ करून, देठ काढून चोखायचा. ताटं नकोत, वाट्या नकोत.

पाण्याच्या बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून सावलीत, वाऱ्याला ठेवा. फडक्यातलं पाणी वाफ होताना बाटलीतली उष्णता ओढून घेतं. बंद गाडीत याचा उपयोग शून्य, तिथे हवाच खेळत नाही. आणि माणशी ३ लिटर तरी पाणी घ्या, पन्ह्याचं वेगळं.

कृष्णाकाठ:
परतताना रस्त्यावर करवंदं दिसली तर घ्या, पण गाडीत खाऊ नका. घरी आणून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, चीक सुटतो.