कुळ एकत्र भटकत नाही, घरच दुभागतं
भटक्या पशुपालकांचं सगळं कुळ उंट-शेळ्या घेऊन एकत्र फिरतं असं म्हटलं जातं, ते सोमाली इसाकांना (उत्तर सोमालियाकडचं एक मोठं पशुपालक कुळ) तरी लागू नाही. कोरड्या दिवसांत घरच दोन ठिकाणी विभागतं. शेळ्या-मेंढ्यांना चार-पाच दिवसांआड पाणी लागतं, म्हणून त्या, बायका, लहान मुलं आणि 'अकल' (वाकवलेल्या काठ्यांवर चटया टाकलेली झोपडी) विहिरींच्या आसपास. उंट मात्र दोन आठवडेही काढतो. बिनलग्नाचे तरुण कळप घेऊन लांब हौडच्या (इथिओपियाच्या सीमेलगतच्या) पठारावर, बहुतेक दुधावरच.

बदल केला तो सिमेंटच्या 'बरकद'नी. १९५०च्या दशकापासून पावसाच्या पाण्याची ही खाजगी टाकी हौडमध्ये वाढली. पाणी विकत मिळू लागलं, टाक्यांभोवती वस्त्या ठरल्या आणि गवताला उसंत मिळेना.