रोपणालगतच्या हाडाची ‘घनता’: शब्द बरोबर आहे का?

एका वैद्यकीय लेखाचं मराठी करते आहे. गुडघा बदलल्यावर धातूच्या सांध्याशेजारचं (म्हणजे रोपणाशेजारचं) हाड किती टिकून आहे हे डेक्सा स्कॅनने, म्हणजे हाडातलं खनिज मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीने, मोजतात. त्यासाठी ‘परिरोपण अस्थिघनता’ असं लिहिलंय, पण दाताखाली खडा येतोय. दुसरं काही सुचतंय?

– ‘रोपणालगतच्या हाडाची घनता’. लांबलचक आहे, पण कळतं. ‘परिरोपण’ वाचून लोक झाडं लावायला निघतील.

– माझा आक्षेप ‘घनता’वरच आहे. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. डेक्साला हाडाची जाडी दिसतच नाही, तो दर चौरस सेंटीमीटरला किती ग्रॅम खनिज आहे एवढंच सांगतो. म्हणजे ‘क्षेत्रीय घनता’. तळटीप हवीच.

– मी हे स्कॅन करते, म्हणून थोडं सविस्तर. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडून हाड आणि मांस वेगळं काढतात. पण धातू किरण अडवतो, त्यामुळे सॉफ्टवेअरने तो भाग वगळून शेजारी चौकटी आखाव्या लागतात. नडगीचं हाड समोरून बघता येतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक मात्र धातूच्या टोपीत असतं, म्हणून तिथे बाजूने बघतात. पाय जरासा वळला किंवा गुडघा कमी-जास्त वाकला तरी आकडा बदलतो. म्हणून दर वेळी पाय त्याच स्थितीत बांधतो. आणि सांधा हाडाला पक्का बसवणारं ‘हाडाचं सिमेंट’ चौकटीत आलं तर आकडा फुगतो! लेखात ‘टी-स्कोअर’ (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा) आला असेल तर सांभाळा. हाडं ठिसूळ झाली का हे ठरवणारी उणे २.५ ची रेघ कंबरेचे मणके, खुबा आणि कोपर-मनगटादरम्यानचं हाड यांच्यासाठी आहे, रोपणाशेजारी ती लावत नाहीत. तिथे त्याच माणसाच्या आधीच्या मापाशी तुलना करतात.

– म्हणजे ‘अस्थिसुषिरता’ (ऑस्टिओपोरोसिस) इथे वापरायची नाही?

– नाही, तो आजार झाला. इथे भार धातूच उचलतो, हाडाला काम उरत नाही आणि ते विरळ होतं, विशेषतः मांडीच्या हाडात, धातूच्या टोपीच्या पुढच्या पत्र्यामागे. ‘हाड विरळ होणे’ म्हणा.

– हाडावरचा भार असा धातूने अडवणं, याला ‘भार-आडोसा’ कसा वाटतो?

– झकास! घेतला. आणि ‘बेसलाइन’ला? ‘पायाभूत मापन’ फार सरकारी वाटतंय.

– शस्त्रक्रियेनंतर लगेच घेतलेलं ‘पहिलं माप’. एवढं पुरे.