तीन महिने पोटातून नळी: आळस की शहाणपण?

भिंगरी: काल एका साहेबांनी लिहिलं, "अपघातात पोराची लघवीची नळी तुटली तर त्याच दिवशी जोडावी. पोटातून थेट मूत्राशयात नळी घालून तीन महिने घरी पाठवणं हा डॉक्टरांचा निव्वळ आळस." डोक्यात तिडीक गेली, म्हणून वेगळा धागा.

माझा भाचा, वय नऊ. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडला, मागचं चाक कमरेवरून गेलं. ओटीपोटाचं हाड मोडलं, लघवीच्या तोंडाशी रक्त. तालुक्याला खालूनच कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची रबरी नळी, दोनदा रेटून पाहिला! रक्त दिसलं की आधी डाय सोडून एक्स-रे काढतात, हे तिथे कुणाला सुचलं नाही. शहरातल्या सर्जननी ओटीपोटातून नळी टाकली. म्हणाले, "आत रक्त साकळलंय, टोकं लांब सरकलीत. आत्ता उघडलं तर रक्तस्राव आवरणार नाही, नसाही दुखावतील." तीन महिन्यांनी वृषणांच्या मागून चिरा घेऊन व्रण कापला, टोकं शिवली. आता उभ्याने धार मारतो. आळस कुठला?

सडेतोड_पुणेकर: "साहेब" म्हणजे मीच. तीन महिने पोरगं पिशवी लटकवून फिरतं, ते दिसत नाही? माझ्या पुतण्याची पोटातली नळी दोनदा तुंबली, रात्री दोनला रिक्षा शोधत फिरलो. वर्गात त्याला "टाकी" म्हणतात. दुर्बिणीतून तार सरकवून पहिल्याच आठवड्यात जोडणारे डॉक्टर आहेत.

ओटी_सिस्टर: आहेत ना. पण त्याने टोकं फक्त एका रेषेत येतात, आत व्रण होऊन नळी पुन्हा आवळू शकते. मग दर दोन महिन्यांनी दुर्बिणीतून काप. चार-चार काप झालेली मुलं येतात, तेव्हा मोठं ऑपरेशन आणखी अवघड झालेलं असतं. पहिलं ऑपरेशनच नीट व्हायला हवं. मुलांचं प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) अगदी लहान, नळी बऱ्याचदा वर, मूत्राशयाच्या मानेजवळ तुटते. हे रोज करणाऱ्याचंच काम. मुलींची गोष्ट वेगळी, योनीलाही बऱ्याचदा जखम असते, तिथे बहुधा लवकरच दुरुस्त करतात.

सडेतोड_पुणेकर: म्हणजे लवकर जोडतात! हेच तर म्हणत होतो.

भिंगरी: तुम्ही "पोराची" लिहिलं होतं. स्वतःचं तरी वाचा.

उसाचा_फड: नळी राहू द्या, नऊ वर्षांचं पोर मडगार्डवर बसवलं कुणी?

भिंगरी: त्याच्या बापाने. शेतावर सगळेच बसवतात.

उसाचा_फड: सगळेच बसवतात म्हणूनच सगळ्यांची पोरं पडतात. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर बायकापोरं.

काळी_आई: शहरात बसून शिकवू नका. सकाळी सहाला फडात जायचं तर पोरं सोडायची कुणाकडे? पाळणाघर काढून देता का?

उसाचा_फड: शहरात? ऊसतोड्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मलोय. माझा धाकटा भाऊ ट्रॉलीखाली गेला. मला शिकवू नका.

काळी_आई: ...माफ करा. तरी प्रश्न तोच, पोरं ठेवायची कुठे?

सडेतोड_पुणेकर: मूळ विषयावर येऊ का? आळस शब्द मागे घेतो, सिस्टरांसाठी, भिंगरींसाठी नव्हे. पण तीन महिने का थांबायचं, हे आम्हाला एकाही डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

ओटी_सिस्टर: हे मात्र खरं. ओपीडीत दोन मिनिटांत उरकतात. पुतण्याची नळी शेवटची कधी बदलली? चार-सहा आठवड्यांवर जाऊ देऊ नका, खडे धरतात.

सडेतोड_पुणेकर: नऊ आठवडे झाले. उद्या जातो.