विंडोज 7 वर अडकलेलं क्रोम 109, काकांचं नेटबँकिंग, काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आमच्या काकांचं रामबागेत मसाल्याचं दुकान आहे, तिथला कॉम्प्युटर विंडोज 7 चा, दर दसऱ्याला हळदकुंकू लागून मॉनिटरची कड पिवळी पडलीय. त्यावर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, नव्या विंडोजवर दोन्ही चालत नाहीत, करून बघितलंय. आणि काका त्याच मशीनवर नेटबँकिंग करतात!!

परवा क्रोमचं व्हर्जन बघितलं तर 109.0.5414.120. विंडोज 7 साठी 109 हेच शेवटचं. एप्रिल 2023 मध्ये व्ही-8 (क्रोमचं जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन) मधलं टाइप कन्फ्युजनचं भोक (सीव्हीई-2023-2033, सीव्हीई म्हणजे अशा भोकांचा नोंद क्रमांक) हल्लेखोर आधीच वापरत होते, ते 112 मध्ये बुजवलं, म्हणजे आमच्याकडे उघडंच. मला समजलं ते असं की इंजिन धरून चालतं की या अ‍ॅरेमध्ये आकडे आहेत आणि असतात खरं तर मेमरीतले पत्ते, मग पानावरची स्क्रिप्ट नको तिथे वाचते-लिहिते, नुसतं पान उघडलं तरी पुरतं, काही डाउनलोड करायला नको. बरोबर ना?

आता विचारायचं हे की सँडबॉक्स (पानाला बाकी कॉम्प्युटरपासून वेगळं कोंडून ठेवणारी भिंत) आहे म्हणून निवांत राहायचं का? शॉर्टकटमध्ये जिटलेस फ्लॅग टाकून जिट (स्क्रिप्ट वेगात चालावी म्हणून चालता चालता तिचा मशीन कोड बनवणारा भाग) बंद केलं तर भागेल का? की फायरफॉक्स 115 ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) टाकू, ते 7 वर चालतं. जेल रोडवरचा कॉम्प्युटरवाला भिया तर सरळ नवीनच घ्या म्हणाला, त्याचा धंदाच तो.

प्रतिसाद १:
सँडबॉक्समधून बाहेर पडायला दुसरं भोक लागतं हे खरं, पण जुन्या क्रोममध्ये आणि त्याहून जुन्या विंडोजमध्ये ते मिळणं काय अवघड आहे? शिवाय बँकेच्याच पानात वाईट स्क्रिप्ट घुसली असेल तर बाहेर पडायची गरजच काय. जिट बंद करून धोका कमी होतो, जात नाही. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरच्या टीमने सांगितलं होतं की 2019 नंतरच्या व्ही-8 च्या सीव्हीईंपैकी साधारण 45 टक्के जिटशी संबंधित, उरलेल्यांचं काय करणार? फायरफॉक्स टाकला तरी खाली विंडोज 7 च आहे, त्याचा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपला. बिलिंग राहू द्या, नेटची केबल काढा, बँक काकांच्या फोनवर न्या.

धागाकर्ता:
धन्यवाद. केबल काढतो म्हटलं तर काका म्हणे "चालतंय ना मस्त, कशाला हात लावतो". फोनवर आकडे दिसत नाहीत म्हणतात, चष्मा गल्ल्यात असतो. बरं, केबल काढली तर जीएसटीसाठी बिलिंगमधली एक्सेल पेनड्राइव्हने लॅपटॉपवर नेलेली चालेल का, की त्यातूनही काही येईल?