चारच तास, पण उभ्याने
कुणीकुणी म्हणतं, पार्सलच्या गोदामात रोज चारच तास काम, शिकता शिकता सहज जमेल. जमतं, पण त्या चार तासांत टेकायला मिळत नाही. मी गाडी भरायला होतो. सरकत्या पट्ट्यावरून खोकी येतच राहतात. जड खाली, हलकी वर, विटांसारखी सांध्यावर सांधा न येऊ देता रचायची, नाहीतर वाटेत सगळं कोसळतं. उचलताना गुडघे वाकवा, खोकं पोटाशी धरा, वळताना कंबर न पिळता पाय फिरवा. मला हे कुणी शिकवलं नाही, पाठीनेच शिकवलं! बूट चांगले घ्या. आणि सणासुदीत तास वाढतात, नंतर तितकेच आटतात. त्या पगारावर हप्ता बांधू नका.